बिजागरीची खोबण काढण्याआधी: रोटरी टूल राउटरसारखे वापरताना करायची तयारी

सागवानी डब्याला दोन पितळी बिजागऱ्या बसवायच्या आहेत. बिजागरीचे पाते दीड मिलिमीटर जाड, डब्याची भिंत बारा मिलिमीटरची. एवढ्या अरुंद काठावर मोठा राउटर, म्हणजे लाकडात खोबणी कोरणारे विजेचे यंत्र, टेकवायलाच जागा नसते. अशा वेळी रोटरी टूल, म्हणजे हातात मावणारे वेगवान फिरते यंत्र, कामाला येते. त्यावर राउटरचा तळ बसतो, बिट (फिरून कापणारे टोक) बसते आणि खोबणही निघते. तरी ते राउटर नव्हे, हे आधी मनात पक्के असू द्या. काठ गोल करायचा साधा ट्रिमर साडेपाचशे-सातशे वॉटचा असतो आणि हातात मावणारे रोटरी टूल साधारण 130 ते 175 वॉटचे. त्याच्याकडे वेग भरपूर आहे, जोर कमी आहे. पुढची सगळी तयारी या एका गोष्टीला धरून करायची आहे.

वेगाचा हिशेब एकदा कागदावर करून पाहा. 3.2 मिलिमीटर व्यासाचे बिट मिनिटाला 30,000 फेरे घेते तेव्हा त्याची धार सेकंदाला पाच मीटर धावते. मोठ्या राउटरचे 12.7 मिलिमीटरचे बिट 22,000 फेऱ्यांवरच साडेचौदा मीटरच्या पुढे जाते. म्हणजे आपल्या बिटाची धार त्या मानाने संथच चालते. म्हणून बारीक राउटर बिट लाकडावर चालवताना वेग वरच्या टप्प्यात ठेवायचा. लाकूड काळे पडू लागले की लोक घाबरून वेग कमी करतात, पण बहुतेक वेळा हात एका जागी रेंगाळलेला असतो किंवा बिट बोथट झालेले असते.

आता लाकूड. वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा भागात जुनी घरे उतरतात तेव्हा जुना साग मिळतो आणि तो मला नव्यापेक्षा प्रिय आहे. वर्षानुवर्षे मुरलेला असल्याने तो फारसा वाकत नाही. पण त्यात डोके मोडलेले खिळे लपलेले असतात. फळीवरून चांगले लोहचुंबक सावकाश फिरवा आणि जिथे ओढ लागेल तिथे खडूने फुली मारा. तीन मिलिमीटरचे बिट खिळ्याला लागले की तुकडा डोळ्याच्या दिशेने उडू शकतो. जुन्या फळीवर रंग असेल तर त्यात शिसे असू शकते, म्हणून तो घासून त्याची धूळ करू नका. दुसरे म्हणजे सागात नैसर्गिक सिलिका असते आणि साध्या हाय-स्पीड स्टीलची धार ती लवकर खाते. सागासाठी कार्बाइडची, म्हणजे स्टीलहून कठीण धारेची, बिटे घ्या, महाग वाटली तरी. आंबा किंवा पाइनवर शिकणे सोपे.

संखेड्याच्या पाटावर किंवा पाळण्याच्या पट्टीवर नाव कोरून द्या, असे कोणी म्हटले तर मी नम्रपणे नकार देते. त्या लाकडावर लाखेचा थर असतो. बिटाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन धारेत भरते आणि मग बिट कापत नाही, नुसते घासते. शिवाय लेथवर इतक्या मायेने चढवलेला तो थर पुन्हा तसा बसवणे आपल्या हातचे नाही.

पावसाळ्यात आणलेली फळी लगेच कापू नका. लाकूड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, लांबीत फारसे हलत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आटते. गणपतीच्या दिवसांत, दमट हवेत अगदी घट्ट बसवलेली नक्षीची पट्टी वडोदऱ्याच्या मे महिन्यात सैल पडलेली मी पाहिली आहे. ज्या खोलीत काम करणार तिथेच फळी दोन-तीन आठवडे उभी ठेवा, मधे हवा खेळेल अशी.

सगळ्यात जास्त वेळ कॉलेटला द्या. बिटाचा दांडा जिथे धरला जातो तो हा लहानसा चिरलेला पितळी किंवा स्टीलचा भाग. चांगल्या संचात तो 3.2, 2.4, 1.6 आणि 0.8 मिलिमीटर अशा मापांत येतो. बाजारात मात्र तीन मिलिमीटर दांड्याची स्वस्त बिटेही सर्रास मिळतात आणि ती 3.2 च्या कॉलेटमध्ये घातली की आवळल्यासारखी वाटतात. एकदा माझ्याकडून हेच झाले. खोबण सुरू केली दीड मिलिमीटरने आणि दुसऱ्या टोकाला ती तीनच्या पुढे गेली होती, कारण बिट घसरत घसरत बाहेर आले होते. विशेषतः पिळाचे बिट लाकडात स्वतःला ओढून घेते. म्हणून कॅलिपरने दांडा मोजा, मापाचेच कॉलेट लावा, आतला भुसा दात घासायच्या जुन्या ब्रशने काढा. बिट आत पूर्ण टेकवून मग एक-दीड मिलिमीटर मागे घ्या आणि पान्याने आवळा. दांड्यावर न पुसणाऱ्या पेनाने एक रेघ ओढून ठेवली तर पहिल्या घासानंतर (बिटाच्या एका फेरीनंतर) ती हलली की नाही ते लगेच कळते. हे सारे करताना प्लग भिंतीतून काढलेला हवा आणि स्पिंडल लॉकचे (बिट धरणारा दांडा अडवून धरणारे) बटण फिरते यंत्र थांबल्याशिवाय दाबायचे नाही.

तळ विकत घेण्याआधी आपल्या यंत्राच्या नाकाचे आटे पाहा. पुढची टोपी काढून तिथे तळ आट्यांवर बसवला जातो आणि प्रत्येक कंपनीच्या यंत्राला दुसऱ्याचा तळ बसेलच असे नाही. यंत्र सोबत घेऊनच दुकानात जा. घरी आल्यावर बिट लावून तळ सपाट काचेवर ठेवा आणि गुण्या लावून बिट काटकोनात आहे का ते तपासा. प्लॅस्टिकचा तळ थोडा लवतो, म्हणून यंत्र वरून दाबायचे नाही, फक्त पुढे न्यायचे. तळाला खालून मेण चोळले की तो लाकडावर अडखळत नाही.

खोबण किती खोल ते ठरवायला मोजपट्टीची गरज नाही, बिजागरीच माप देते. सपाट फळीवर दोन बिजागऱ्यांची पाती ठेवा, त्यांवर तळाच्या दोन्ही बाजू टेकवा, बिट खालच्या फळीला नुसते लागेपर्यंत उतरवा आणि तिथेच कुलूप लावा. बिट पात्याच्या जाडीइतकेच बाहेर राहते. ही शेवटची खोली झाली. सागात पहिला घास त्याच्या निम्म्याचा घ्या. त्याहून खोल कामात एका वेळी एक मिलिमीटर धरून चाला. मोटरचा आवाज घसरला तर आपण जास्त मागतो आहोत.

आखणी पेन्सिलीने नको, धारदार कटरने करा. बिजागरी जागेवर धरून तिन्ही बाजूंनी रेघ मारा आणि ती रेघ दोन-तीनदा खोल करा. वरचे तंतू आधीच कापले गेले की बिट त्यांना उचकटत नाही. आडव्या रेषेच्या शेवटी, जिथे बिट लाकडाबाहेर पडते, तिथे हमखास कपची उडते. तिथे टाकाऊ लाकडाचा ठोकळा चिकटवून ठेवा. 3.2 च्या बिटाने कोपरे गोल राहणार, त्यासाठी सहा मिलिमीटरची पटाशी घासून, धार लावून जवळ ठेवा. मी कडेच्या रेघेपासून अर्धा मिलिमीटर आत थांबते आणि उरलेले पटाशीनेच घेते.

बारा मिलिमीटरच्या भिंतीवर तळ डोलणारच. डब्याच्या आत आणि बाहेर एकेक ठोकळा भिंतीच्या वरच्या कडेला समतल लावून सी-क्लॅम्पने आवळा. आता तळाला टेकायला चांगली रुंद जागा मिळाली. क्लॅम्पची डोकी तळाच्या वाटेत येत नाहीत ना, हे यंत्र बंद ठेवून सगळा प्रवास एकदा हाताने करून पाहा. एका हाताने डबा धरून दुसऱ्याने यंत्र चालवणे कधीच नको.

दिशा आधी ठरवा. वरून पाहिले तर बिट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते, म्हणून यंत्र पुढे ढकलताना ते डावीकडे सरकू पाहते. आधाराची सरळ पट्टी डाव्या बाजूला लावली की यंत्र आपणच तिला चिकटून चालते. फळीच्या बाहेरच्या कडेने नक्षी काढताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरा, आतल्या पोकळीत काट्याच्या दिशेने. उलटे गेलात तर यंत्र हातातून पळते.

स्वतःची तयारी यात सगळ्यांत शेवटी लिहिली आहे, पण कमी महत्त्वाची नाही. बाजूने बंद असलेला चष्मा लावा, रोजचा चष्मा पुरत नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत मोडते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच नोंदवले आहे, आणि साग-शिसमाच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाजही सुटते. नीट बसणारा एन-95 मास्क घाला. कानांना इअरमफ लावा. बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र उतरवून ठेवा, ओढणी घेऊ नका, केस बांधा, सैल सुती हातमोजे घालू नका. व्हॅक्यूमचे नळकांडे खोबणीजवळ बांधता आले तर फार बरे. छताचा पंखा बंद करा, नाहीतर सगळा भुसा तोंडावर येतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे जड जाते, तेव्हा काम सकाळी सातला गच्चीवर मांडा. एक्स्टेन्शनची वायर खांद्यावरून मागे जाऊ द्या, बिटापुढे कधीच नको. यंत्राच्या जाळीत भुसा अडकला असेल तर तो आधी काढा. यंत्राला कार्बन ब्रश (मोटरला वीज पोहोचवणारे, झिजणारे तुकडे) असतील तर चाळीस-पन्नास तासांच्या कामानंतर ते उघडून पाहायला हवेत. दहा मिनिटांनी यंत्राला हात लावा. गरम लागले तर ते निवेपर्यंत पटाशीचे काम उरका.

शेवटी डबा बाजूला ठेवा आणि त्याच सागाचा, त्याच जाडीचा तुकडा क्लॅम्पमध्ये धरा. त्यावर पूर्ण खोबण काढा, कोपरे पटाशीने चौकोनी करा, बिजागरी बसवा आणि जोडावरून नख फिरवा. पाते वर राहिले असेल तर बिट किंचित उतरवा. खाली गेले असेल तर कॉलेट पुन्हा तपासा आणि दुसरा तुकडा घ्या. नख कुठेच अडले नाही की खोलीचे कुलूप न हलवता डबा क्लॅम्पमध्ये लावा.