‘मला गणित जमतच नाही’ म्हणणाऱ्या मुलासोबत वजाबाकीला बसताना

उत्तर चुकल्यावर मूल ‘मला गणित जमतच नाही’ म्हणाले, तर फारसे मनावर घेऊ नये. वही उघडण्याआधीच ते असे म्हणू लागले, तर मात्र ती समजूतच त्याला अभ्यासापासून लांब ठेवू लागली आहे, असे ओळखावे. नुसते ‘येईल रे तुला’ म्हणून ती सुटत नाही. ‘हे मला करता येईल’ हा विश्वास कोठून येतो, याची मांडणी अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये केली. स्वतः करून पाहणे, आपल्यासारख्याला करताना पाहणे, इतरांनी धीर देणे आणि मनाची-शरीराची अवस्था, असे चार स्रोत त्यांनी सांगितले व पहिला सर्वांत बळकट मानला.

म्हणून मूल जेथवर न अडखळता येते, तेथून सुरुवात करावी. ५२ − २७ अडत असेल, तर आधी ५७ − २२ द्यावे. मग काड्यांचे दहा-दहाचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या काड्या त्याच्यासमोर ठेवाव्यात. सुट्यांतून ७ काढता येत नाहीत हे त्याचे त्यालाच दिसू द्यावे, आणि एका गठ्ठ्याचे रबरही त्यानेच काढावे. १२ सुट्यांतून ७ गेल्या की ५ उरतात, ४ गठ्ठ्यांतून २ गेले की २. मूल थबकले की रबर आपणच काढून टाकण्याचा मोह फार होतो, पण नेमकी तीच कृती त्याच्या हातून व्हायला हवी.

रोजचे काम थोडके ठेवावे. बंडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वजाबाकीत मागे असलेल्या काही मुलांना प्रत्येक बैठकीत ६ पाने, तर काहींना सातव्या बैठकीअखेर ४२ पाने असे उद्दिष्ट सुचवले होते. काम तेवढेच असूनही पहिल्या गटाचे कौशल्य, आत्मविश्वास आणि गणिताची गोडी अधिक वाढली. घरी तीन-चार उदाहरणे पुरेत.

गुण कमी पडल्यावर मूल ‘पेपरच कठीण होता’ किंवा ‘माझे नशीबच तसे’ म्हणते, तेव्हा वाद घालू नये. घडते ते आपल्या हाती आहे की बाहेरच्या कशावर अवलंबून आहे, याविषयी माणसांच्या धारणा वेगवेगळ्या असतात, असे मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी दाखवले होते. ‘कोणत्या पायरीवर अडलास?’ एवढेच विचारावे, कारण पायरी सापडली की ती बदलता येते. मात्र सगळा भार मुलावर टाकणेही अन्यायाचे आहे. नियमित सराव होऊनही अंकांचा गोंधळ कायम राहिला, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी उदाहरणे सोडवण्यापूर्वी ‘यांतली किती बरोबर येतील?’ असे विचारून तो आकडा त्याला समासात पेन्सिलीने लिहायला सांगावे. शेवटी प्रत्यक्षात बरोबर आलेल्यांची संख्या त्याखाली मांडावी आणि काही न बोलता वही त्याच्याकडे सरकवावी.