कागदी पाहुण्याला मुंबई दाखवताना

अमेरिकेत किंवा कॅनडात शिकणाऱ्या भाच्याच्या शाळेतून एक दिवस पाकीट येतं. आत क्रेयॉनने रंगवलेला कागदी बाहुला, बाईंचं पत्र आणि परत पाठवायची तारीख. शाळांमध्ये हा उपक्रम ‘फ्लॅट स्टॅन्ली’ म्हणून ओळखला जातो. जेफ ब्राउन यांच्या १९६४ सालच्या गोष्टीतल्या सपाट झालेल्या मुलावरून कॅनडातले शिक्षक डेल ह्यूबर्ट यांनी तो १९९५ मध्ये सुरू केला. बाहुल्याला आपलं गाव दाखवायचं, फोटो काढायचे आणि त्याच्याच तोंडून पत्र लिहून सगळं परत धाडायचं.

मूळ बाहुला शक्यतो घराबाहेर नेऊ नका. तो ३०० डीपीआयला (डीपीआय म्हणजे स्कॅनच्या बारकाव्याचं माप) स्कॅन करा आणि साधारण १५ सेंटीमीटर उंचीचा प्रिंट २०० ते २५० जीएसएमच्या, म्हणजे जाडसर, कार्डपेपरवर काढा. त्याहून मोठा वाऱ्यात दुमडतो, लहान काढला तर फोटोत चेहरा हरवतो. लॅमिनेशन फक्त या प्रतीचं करा. मुलाने मेणाच्या खडूने रंगवलेला मूळ कागद गरम मशीनमध्ये घातला तर मेण वितळून रंग पसरतात. चकचकीत लॅमिनेशन उन्हात आरशासारखं चमकतं, म्हणून मॅट मागा. कापताना कागदाच्या कडेबाहेर ३ मिलिमीटर प्लास्टिक सोडा, नाहीतर कडेने पाणी आत शिरतं. पाठीला आइस्क्रीमची काडी चिकटवा, पायाखाली ५ सेंटीमीटर बाहेर राहील अशी. काडीला भोक पाडून दोरा ओवा आणि तो मनगटाला बांधा. लोकलच्या दारात बाहुला बाहेर धरण्याचा मोह मात्र दोरा असला तरी टाळाच. पाठीवर तुमचा फोन नंबर लिहा, मुलाचं नाव-पत्ता नको.

ठिकाणं तीनच निवडा. दहा ठिकाणी गेलात तर दहा सारखेच फोटो येतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, गेटवे आणि संध्याकाळी गिरगाव चौपाटी एवढं एका दिवसाला पुरतं. निघा दुपारीच: टर्मिनसची दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे, आणि गेटवेही सकाळी चौकातून टिपलं तर सूर्य समुद्राच्या बाजूने, म्हणजे कमानीमागून येतो आणि कमान काळी पडते. घारापुरी जोडायची असेल तर वेगळा दिवस ठेवा. बोटीला जायलाच तासभर लागतो, आणि सोमवारी लेणी बंद असतात.

फोटो हमखास बिघडतो तो एका कारणाने. बाहुला फोनच्या नाकासमोर धरला जातो. मग तो स्वच्छ दिसतो आणि मागची कमान धुरकट, किंवा उलट. दुसऱ्या कुणाला तरी बाहुला धरायला सांगा, फोनपासून एक-दीड मीटर दूर. पडद्यावर बाहुल्याच्या तोंडावर बोट टेकवून फोकस करा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कारण तो मागचं मुद्दाम पुसट करतो. चौपाटीवर मावळतीकडे तोंड करून फोटो घेतला तर बाहुला काळा दिसेल; फ्लॅश मारला तर प्लास्टिक चमकेल. दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने तिरका धरा.

मुलाला इमारतीपेक्षा आपला बाहुला काय करतोय यात रस असतो. म्हणून तो तिकिटाच्या रांगेत उभा करा, बाकावर बसवा, वडापावच्या प्लेटमागे ठेवा (प्लेटमध्ये नको, तेल काडीवाटे कार्डात चढतं). जुन्या दगडांना तो टेपने चिकटवू नका. अनोळखी मुलं फ्रेममध्ये आली असतील तर तो फोटो वगळा, शाळेत सगळे पाहणार असतात.

पत्र दहा-बारा वाक्यांचं, मोठ्या अक्षरात. माहिती मुलाच्या मापाची घाला. १६ एप्रिल १८५३ ला आजच्या टर्मिनसजवळच्या बोरीबंदरहून ठाण्याला भारतातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावली, हे एक. दुसरं तर कागदी पाहुण्याच्या घरचंच: गेटवे पंचम जॉर्जच्या १९११ च्या भेटीच्या स्मरणार्थ, पण कमान पूर्ण झाली १९२४ मध्ये, त्यामुळे राजाला पाहायला मिळाली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती! शेवटी एक ओळ देवनागरीत लिहा आणि खाली इंग्रजी अक्षरांत उच्चार द्या, म्हणजे भाचा ती वर्गात वाचून दाखवेल.

पाकिटात मूळ बाहुला, त्याची फिरून आलेली प्रत, पाच-सहा छापील फोटो, लोकलचं तिकीट आणि पत्र, हे दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून ए-४ लिफाफ्यात घाला. शंखशिंपले, वाळू, बिया, वाळलेली पानं नकोत, कस्टममध्ये अडतात. नाणीही साध्या टपालात चालत नाहीत. त्याऐवजी रुपयावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप उमटते. ट्रॅकिंग मिळेल अशाच सेवेने पाठवा आणि टपालाला किमान तीन आठवडे धरा. तारीख जवळ आली असेल तर फोटो आणि पत्र आधी बाईंना ईमेल करा, पाकीट मागून पोहोचलं तरी चालतं.