कॅनडात ‘सत्य आणि सलोख्या’च्या कामात येताय? आधी आकडा कुणी मोजला ते विचारा

निवासी शाळा म्हणजे काय, तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांनी ११ जून २००८ ला संसदेत माफी कशाबद्दल मागितली, सत्य आणि सलोखा आयोगाच्या ९४ शिफारशी कुठे वाचायला मिळतात, हे मी सांगत बसणार नाही. अभिलेखागार, संग्रहालय किंवा स्मारकांच्या कामासाठी इकडे यायचं ठरवलं असेल, तर एवढं तुम्ही वाचलेलंच असणार. घरापासून तोडून या शाळांत ठेवलेली दीड लाखाहून जास्त मूलनिवासी मुलं, शंभराहून जास्त वर्षं, चर्च आणि सरकार दोघांचा हात. पाया पक्का आहे असं धरून पुढे जाते.

मी सोलापूरची, आता प्रेअरीत, म्हणजे कॅनडाच्या गवताळ सपाट पट्ट्यात, विनिपेगजवळ काम करते. काम म्हणजे जुनी रजिस्टरं वाचायची, त्यातली नावं जुळवायची आणि एखाद्या फर्स्ट नेशनने (इथल्या मूलनिवासी समाजाने) मागितली तर ती यादी त्यांच्या हाती द्यायची. स्मारकाच्या दगडावर जे नाव कोरलं जातं त्याच्या आधीचं हे काम. फोटो कुणी काढत नाही, पगार बेताचा, कंत्राट प्रकल्पापुरतं. हे ऐकून उत्साह मावळत असेल तर आत्ताच मावळू दे, फी भरल्यावर नको.

आता आकड्यांच्या सापळ्याबद्दल. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण मी यात अडकले होते आणि अजूनही दर सप्टेंबरला कुणी ना कुणी अडकताना बघते.

एका छोट्या प्रदर्शनाचा मजकूर माझ्याकडे तपासायला आला. त्यात वाक्य होतं, ‘कॅम्लूप्सला २१५ मुलांचे मृतदेह सापडले.’ वर्तमानपत्रांत तेच छापून आलं होतं, वरिष्ठांनी तेच मंजूर केलं होतं, मीही पुढे पाठवलं. तिथल्या समाजाच्या कार्यालयातून एक बाई मजकूर वाचायला आल्या होत्या. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून एवढंच विचारलं, “खणलं कुणी?”

कुणीच खणलं नव्हतं. २७ मे २०२१ ला कॅम्लूप्सच्या जुन्या निवासी शाळेबद्दल तिथल्या टकॅम्लूप्स समाजाने जाहीर केलं ते जमिनीखालच्या रडारच्या पाहणीवरून. हे रडार म्हणजे चाकांची एक ढकलगाडी. ती सरळ रेषांत फिरवतात, ती जमिनीत रेडिओ लहरी सोडते आणि खालून परत आलेल्या लहरी पडद्यावर उमटतात. तिला हाडं दिसत नाहीत. दिसतं ते इतकंच, की इथली माती कधीतरी उकरली गेली आहे, थर तुटलेला आहे. तो खड्डा कबरीचा असेल, जुन्या सांडपाण्याच्या चराचा असेल, झाडाच्या मुळांचाही असेल. खड्ड्याची लांबी, खोली, दिशा, रांगेतलं अंतर, शेजारी दफनभूमी आहे का, म्हातारी माणसं काय सांगतात, हे सगळं जुळवून तज्ज्ञ ‘संभाव्य कबर’ म्हणतात. चिकण माती असली की लहरी लवकर विरतात, आणि आमच्या रेड नदीच्या खोऱ्यात चिकण मातीच आहे. जुलैमध्ये कॅम्लूप्सचाच आकडा २०० झाला, कारण त्या जागेवर आधी झालेल्या खोदकामाच्या खुणा वगळल्या. संशोधकांनी तो उघडपणे, पत्रकार परिषदेत बदलला. पण तोवर २१५ हा आकडा जगभर पायऱ्यांवर ठेवलेल्या लहान मुलांच्या बुटांत मोजला गेला होता.

त्याच जूनमध्ये सस्कॅचवन प्रांतातल्या काउएसेस समाजाचा ७५१ हा आकडा आला. तो दिसायला पहिल्याच्या पंक्तीतला, पण जातच वेगळी. ती जागा माहीत असलेली चर्चची दफनभूमी होती. तिथले दगड १९६० च्या दशकात हलवले गेले, असं समाजाचे तेव्हाचे प्रमुख कॅडमस डेलॉर्म यांनी सांगितलं. तिथे मोठी माणसंही पुरलेली होती, आणि रडारमध्ये दहा ते पंधरा टक्के चूक असू शकते हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. बातम्यांच्या मथळ्यात यातलं काहीच उरलं नाही.

तिसरा आकडा कागदाचा, आणि माझ्या मते सगळ्यांत भारी. आयोगाने अंतिम अहवालात ३,२०० मृत्यूंची नोंद दिली. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश मुलांचं नावच शाळेने किंवा सरकारने लिहून ठेवलेलं नव्हतं. निम्म्यांच्या बाबतीत मृत्यूचं कारण लिहिलेलं नव्हतं. २०१९ मध्ये लांबच लांब लाल कापडावर २,८०० नावं छापून ती पहिल्यांदा एकत्र दाखवली. आता विनिपेगच्या सत्य आणि सलोखा राष्ट्रीय केंद्राच्या स्मृतिनोंदवहीत ४,१०० हून जास्त नावं आहेत आणि ती वाढताहेत. या आकड्याचा रडारशी काडीचा संबंध नाही. उद्या देशातलं एकेक रडार खोटं ठरलं तरी ही नावं कागदावर आहेत.

हे एवढं लांबण का लावलं? कारण तुम्ही ढिसाळ वाक्य लिहिलंत की त्याचा फायदा घेणारे टपलेलेच आहेत. २०२३ मध्ये मॅनिटोबातल्या पाइन क्रीकला समाजाने स्वतः निर्णय घेऊन चर्चच्या तळघरात उत्खनन केलं. तिथे रडारने दाखवलेल्या १४ जागी मानवी अवशेष मिळाले नाहीत, आणि समाजाने ते स्वतःच जाहीर केलं. लगेच ‘सगळंच थोतांड’ म्हणणाऱ्यांना ऊत आला. त्यांना उत्तर द्यायला भावना उपयोगी पडत नाही. कोणता आकडा कुणी, कशाने, कुठे मोजला, हे एका दमात सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर आकडा लिहू नका, मोकळं सोडा. स्मारकाच्या फलकावर मोकळी जागा चालते.

जुन्या आकड्यांचंही तेच. मूलनिवासींचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याचे वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांच्या १९०७ च्या अहवालातले ‘२४ टक्के’ सगळे उद्धृत करतात, आणि निम्मे लोक ते दरवर्षीचं प्रमाण समजतात. ते तसं नाही. १५ शाळांकडून आलेल्या उत्तरांत १,५३७ मुलांचा हिशेब होता, आणि शाळा सुरू झाल्यापासूनच्या त्या मुलांपैकी २४ टक्के मेली होती, मुख्यतः क्षयाने. नीट वाचलं तरी ते तितकंच भयंकर राहतं. वाढवून सांगायची गरजच नाही.

या ब्राइसना खात्याने बाजूला सारलं. ते आणि खात्याचे पुढचे सर्वेसर्वा डंकन कॅम्पबेल स्कॉट, दोघंही ओटावाच्या बीचवुड दफनभूमीत आहेत. स्कॉट कॅनडात कवी म्हणून मोठे. २०१५ मध्ये तिथे ब्राइस यांचा फलक लागला आणि स्कॉट यांचा फलक बदलून त्यांनी निवासी शाळांसाठी काय केलं ते त्यावर लिहिलं गेलं. नवा पुतळा नाही, जुना पाडलेला नाही, फक्त मजकूर पुरा केला. मला विचाराल तर या देशातलं ते सगळ्यांत प्रामाणिक स्मारक आहे. मतभेद असतील, असू देत.

आता मार्गदर्शक निवडण्याबद्दल. त्यांचे पेपर मोजू नका. एखाद्या फर्स्ट नेशनच्या कार्यालयात फोन लावला तर पलीकडचा माणूस त्यांना नावाने ओळखतो का, ते बघा. ‘डीकॉलनायझेशन’वर सुरेख बोलणारे आणि कधी रिझर्व्हवर (फर्स्ट नेशनच्या राखीव जमिनीवर) पाऊल न ठेवलेले प्राध्यापक इथे पैशाला पासरी मिळतात. त्यापेक्षा तुसडी, नोंदींच्या खोक्यांत आयुष्य घालवलेली अभिलेखपाल बाई शतपट बरी. ती तुम्हाला चहाही विचारणार नाही, पण मायक्रोफिल्मच्या कोणत्या फितीवर कोणत्या शाळेची तिमाही पत्रकं आहेत हे तोंडपाठ सांगेल.

तिमाही पत्रक म्हणजे शाळेने ओटावाला पाठवायचा तक्ता. मुलाचा क्रमांक, शाळेने ठेवलेलं इंग्रजी नाव, वय, दाखल झाल्याची तारीख, हजेरीचे दिवस. माझं निम्मं काम एवढंच: डिसेंबरच्या पत्रकात असलेलं मूल मार्चच्या पत्रकात नाही, आणि शेऱ्याचा रकाना कोरा. मग त्याला बाकीच्या कागदांत शोधायचं. एकाच मुलाचं नाव तीन कागदांत तीन तऱ्हेचं. सातबारा, रेशनकार्ड आणि आधार जुळवत तलाठ्याकडे खेटे घातलेल्या घरातून आला असाल तर हे काम तुम्हाला इथल्यांपेक्षा लवकर जमेल, हे मी गमतीने म्हणत नाही. पुष्कळदा पुढचा कागद मिळतच नाही. १९३६ ते १९४४ या काळात खात्याच्या दोन लाख फायली नष्ट केल्या गेल्या. आणि मिळाला तरी तो बऱ्याचदा फ्रेंचमध्ये असतो, कारण बऱ्याच शाळा ओब्लेट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंच्या होत्या आणि ते रोजनिशी फ्रेंचमध्ये लिहीत. त्यामुळे कोर्सच्या आधी सहा महिने हाताशी असतील तर फ्रेंच वाचायला शिका, बोलता नाही आलं तरी चालेल. जुनं हस्ताक्षर यंत्राकडून वाचून घेण्याचा शॉर्टकट कुणी सुचवला तर हसा आणि विषय बदला. यंत्र नाव ओळखत नाही, ठोकून देतं.

परवानगीचं थोडक्यात सांगते. विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा शिक्का म्हणजे अर्धीच परवानगी. माहिती समाजाची, ती कुणी बघायची आणि कुठे ठेवायची हे समाज ठरवणार, हे तत्त्व फर्स्ट नेशन्सनी १९९८ पासून मांडलेलं आहे. आयोगाची ७६ वी शिफारसही तेच सांगते: दफनाच्या जागेची कामं त्या समाजाच्या नेतृत्वाखाली, आणि जमिनीला हात लावण्याआधी त्यांचे रीतिरिवाज. तुमचं सेमिस्टर चार महिन्यांचं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. गावात एखादं दु:ख झालं की कार्यालय बंद, बैठक रद्द. प्रबंध अशा मुलाखतींवर टांगून ठेवू नका.

प्रेअरीत एल्डरांकडे, म्हणजे समाजातल्या मानाच्या वडीलधाऱ्यांकडे, काही मागायला जायचं तर तंबाखू द्यायची रीत आहे. सुटा तंबाखू सुती कापडाच्या चौकोनात बांधायचा, हातात ठेवायचा आणि मग विचारायचं. त्यांनी घेतला तर पुढे बोलायचं. (आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, घरात बाबांची सोडवली आणि तू वाटत फिरतेस.) सगळीकडे हीच रीत नसते, उत्तर ध्रुवाकडच्या इनुइटांकडे तर नाहीच, म्हणून आधी कार्यालयात विचारा. मानधन त्याच दिवशी, पाकिटात. ऐंशी वर्षांच्या माणसाला फॉर्म भरायला लावून महिन्याने चेक पाठवणं हा मला अपमान वाटतो, आणि तुमच्या वित्त खात्याशी या मुद्द्यावर भांडावं लागलं तर भांडा.

आणखी एक धक्का तयारीत ठेवा. आपण नोंदी जपणारे, आपल्याला वाटतं सगळं राहिलं पाहिजे. पण निवासी शाळांच्या भरपाईच्या सुमारे ३८,००० दाव्यांत लोकांनी अत्याचाराची जी हकीकत गुप्ततेच्या हमीवर सांगितली, ती नष्ट करावी असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलं. ज्याला आपली नोंद ठेवायची असेल त्याने तसं कळवायचं, मुदत १९ सप्टेंबर २०२७. मी आधी हळहळले. मग एका आजीने सांगितलं की तिच्या नातवंडांनी ते वाचलेलं तिला नको आहे. इतिहासाच्या नावाखाली तिला काय उत्तर द्यायचं, हे मला आजही सुचलेलं नाही.

तुम्हाला एक प्रश्न हमखास येईल: “तुमच्याकडे काय झालं?” तेव्हा ताजमहाल नका सांगू. याच ब्रिटिश साम्राज्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणला. आमच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्या जमातींची माणसं ठेवली, हजेरी लावली, आणि ती ३१ ऑगस्ट १९५२ ला मुक्त झाली. त्या वस्तीला गावात अजून सेटलमेंट म्हणतात. मला हे शाळेत कुणी शिकवलं नाही, शहर तेच असून. येण्याआधी वाचून या, आणि आपलं झालं ते तुमच्यासारखंच होतं असं मात्र म्हणू नका.

नोकरीचं: बऱ्याच जागांवर मूलनिवासी उमेदवारांना प्राधान्य असतं. असायलाच हवं. त्यावर कॅन्टीनमध्ये कुरकुर करणारे आपलेच लोक भेटतील, त्यांच्यापासून लांब बसा. तरीही कागद वाचणाऱ्या हातांची टंचाई आहे, तुम्हाला काम मिळेल. फक्त पहिल्या वर्षी स्मारकावर आपलं नाव येईल अशी आशा धरू नका.

आणि ३० सप्टेंबरच्या, म्हणजे निवासी शाळांच्या स्मृतिदिनाच्या, आसपास कुणाला मुलाखत मागू नका. त्या आठवड्यात अख्खा देश नारिंगी शर्ट घालून त्याच मोजक्या माणसांना बोलवत असतो, आणि ती दमलेली असतात. ऑक्टोबरमधलं थँक्सगिव्हिंग होऊ द्या, मग करा. फोनच करा, ईमेल नको.