काडी लावण्याआधी: उसाचं पाचट, भाताचा राब आणि रानातला कर्ब

माघ सरत आला की दौंड, इंदापूर, बारामती, शिरूरच्या पट्ट्यात संध्याकाळी धुराचे लोट उठू लागतात. टोळी ऊस तोडून पुढच्या रानात गेलेली असते, वाढे जनावरांपुढे पडलेले असतात आणि मागे उरतं गुडघाभर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. रात्री वारा पडला की कुणीतरी काडी लावतं. आमच्या घरीही वडिलांच्या काळापासून हेच चालायचं. रान मोकळं होऊन पाणी पुढे सरकतं, उंदीर जातात, खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक) एकसारखा फुटतो, अशी तीन कारणं ठरलेली होती. ती खोटी नव्हती, म्हणून त्यांची उत्तरं पुढे देतो. त्याआधी त्या आगीत काय जातं ते पाहू.

एकरी साधारण तीन ते चार टन पाचट निघतं. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र असतं, म्हणजे एकरी पंधरा-वीस किलो. ते जवळजवळ सगळं धुराबरोबर उडतं. पालाश राखेत उरतो, पण ती राख उन्हाळ्याच्या वावटळीत कुणाच्या रानात जाईल ते सांगता येत नाही. आणि पाचटाच्या वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त निव्वळ कर्ब, म्हणजे कार्बन, असतो. एकरी सव्वा-दीड टन कर्ब अर्ध्या तासात हवेत परत जातो.

परत जातो असं म्हणतोय, कारण तो हवेतूनच आलेला होता. उसाच्या पानानं वर्षभर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून, उन्हाच्या बळावर त्याची साखर, चिपाड आणि पाचट घडवलं. पाचट मातीत गेलं तर जिवाणू ते खातात, बराचसा कर्ब श्वासावाटे पुन्हा हवेत सोडतात आणि थोडासा मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षं राहतो. हवा, पीक, माती आणि पुन्हा हवा असा हा फेरा आहे. जगातल्या सगळ्या झाडाझुडपांत आणि हवेत मिळून जेवढा कर्ब आहे, त्यापेक्षा जास्त एकट्या मातीत साठलेला आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण हवामान बदलाचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणारे पुष्कळ भेटतात. पाचटाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड गेल्या वर्षभरात हवेतून घेतलेलाच होता, त्यामुळे तो नव्यानं भर घालत नाही. खरी भर पडते ती कोळसा, डिझेल, पेट्रोल आणि वायूतून. कोट्यवधी वर्षं जमिनीच्या पोटात पुरलेला तो कर्ब आपण दीडदोनशे वर्षांत उपसून काढला. त्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग असायचे, आज ते 420 च्या पुढे गेलेत. पण पाचट जळताना काजळी, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही निघतं. शिवाय मातीत साठू शकला असता तो कर्ब साठत नाही. नुकसान जगाचं थोडं, आपल्या रानाचं मात्र पुष्कळ.

हवा तापल्याचे परिणाम आपण सोसतोच आहोत. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस ताण देतो तेव्हा लांबतो आणि पडतो तेव्हा ओतून जातो. 2025 साली मृगाची वाट न बघता, रोहिणी लागल्या लागल्या, 26 मे रोजी मोसमी पाऊस पुण्यात पोहोचला, आणि बारामती-इंदापूरकडे मे महिन्यातच शेतांत पाणी साचलं. उन्हाचंही तसंच आहे. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च 2022 चा ठरला. गव्हाचा दाणा भरायच्या वेळी असं ऊन लागलं की तो चिमतो, हे वेगळं सांगायला नको.

असं हवामान पेलायचं तर मातीला पाणी धरता आलं पाहिजे, आणि माती पाणी धरते ती सेंद्रिय कर्बाच्या जोरावर. कर्ब असला की मातीचे कण एकमेकांना धरून रवाळ राहतात, ओतलेला पाऊस आत मुरतो आणि ताणाच्या दिवसांत ओल टिकते. आपल्याकडच्या माती परीक्षणात 0.40 टक्क्यांपर्यंत कर्ब कमी धरतात, 0.41 ते 0.60 मध्यम. जास्त पाणी, जास्त युरिया आणि वर्षानुवर्षं जाळलेलं पाचट अशा रानाची आरोग्य पत्रिका काढून पाहा, बहुतेक वेळा आकडा खालच्या घरातला दिसेल.

तो वाढवणं सोपं नाही, हेही सांगतो. एकरातल्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात सुमारे नऊ लाख किलो माती असते. त्यात 0.1 टक्का कर्ब वाढवायचा म्हणजे नऊशे किलो कर्ब टिकवायचा. पाचटातून येणाऱ्या कर्बापैकी टिकतो तो थोडाच, बाकी जिवाणू खाऊन टाकतात. त्यामुळे एका खोडव्यात पत्रिकेवरचा आकडा हलेल अशी आशा धरू नका. चार-पाच वर्षं नेमानं करावं लागतं. कमी पाणी, कमी तण आणि गांडुळांची वर्दळ हा फायदा मात्र पहिल्याच हंगामात दिसतो.

आता काम. ऊस 15 फेब्रुवारीच्या आत तुटला असेल तर खोडवा ठेवा. तोडीनंतर लगेच बुडख्यांवरचं पाचट बाजूला ओढून सरीत दाबा. बुडखे उंच राहिले असतील तर धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. वरच्या डोळ्यांचे फुटवे कमजोर असतात, जमिनीतल्या डोळ्यांतून जोमदार कोंब येतात. छाटलेल्या बुडख्यांवर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची फवारणी करा, दहा लिटर पाण्याला दहा ग्रॅम. मग सरीतल्या पाचटावर टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत, असं प्रमाण धरा. चार टन पाचट असेल तर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर आणि चार किलो जिवाणू. जिवाणू खत चाळलेल्या शेणखतात मिसळून पसरा आणि पाणी द्या. पाणी मिळालं की तीन-साडेतीन महिन्यांत पाचट बरंचसं कुजतं.

यातला युरिया वाचवू नका. पाचटात कर्बाच्या मानानं नत्र फार कमी असतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र कमी पडलं की ते मातीतलं उचलतात आणि कोवळा खोडवा पिवळा पडतो. पाचट ठेवलं म्हणून ऊस पिवळा पडला, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

पुढचं खत फोकू नका. पाचट न हलवता पहारीनं बुडख्यापासून दहा-बारा सेंटिमीटरवर वीतभर खोल भोक घ्या आणि त्यात खत घालून बुजवा. पहिला हप्ता तोडीपासून पंधरा दिवसांत, दुसरा 135 दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूनं. मातीवर फोकलेल्या युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन उडतो. जिथं पाणी साचतं तिथं त्याचा नायट्रस ऑक्साइडही होतो आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 270 पट जास्त तापवणारा आहे. पहारीला मजूर जास्त लागतो, पण खत कमी लागतं.

आता वडिलांची तीन कारणं. पाचटातून पाणी पुढे सरकत नाही हे पहिल्या पाण्याला खरं आहे. म्हणून पाचट सरीत दाबूनच घ्या, किंवा एकाआड एक सरीत भरा आणि मोकळ्या सरीतून पाणी द्या. कुट्टी यंत्र भाड्यानं मिळत असेल तर ते फिरवा, बारीक झालेलं पाचट लवकर बसतं. उंदीर राहतात ते बांधावरच्या गवतात, म्हणून बांध आणि पाटाच्या कडा साफ ठेवा. खोडवा एकसारखा फुटतो तो बुडखे नीट छाटल्यामुळे. उलट आगीत वरच्या कोंबांना चटका बसतो.

ऊस मार्चमध्ये तुटत असेल तर खोडव्याचा हट्ट सोडा. उन्हात कोंब कमी येतात, रान विरळ राहतं. पाचटाची कुट्टी करून रोटाव्हेटरनं मिसळा आणि पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा हे हिरवळीचं खत टाका, फुलोऱ्याला आला की गाडा.

मावळ, मुळशी, भोर, राजगड भागातल्या भातकऱ्यांसाठी वेगळं सांगतो. तिकडे आता राब भाजायची तयारी चालू असेल. शेणी, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या रचून जाळायच्या आणि त्या जागी रोप टाकायचं. तणाचं बी मरतं आणि रोपाला राख मिळते, हे खरं. पण त्यासाठी डोंगरउताराची झाडं छाटली जातात. गादीवाफ्यावरही रोप चांगलं येतं. डॉ. नारायण सावंतांच्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळतात, तिच्यातला सिलिका रोपाला ताठ करतो. राख काळीच हवी, पांढरी नको. काळ्या राखेत कर्ब उरलेला असतो, पांढरीत तो जळून गेलेला असतो. चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा कोवळा पाला गाडायचा असेल तर बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या यंदा पावसाच्या तोंडावर लावून ठेवा.

आणि एवढं करणार असाल तर आजचा आकडा लिहून ठेवा, नाहीतर चार वर्षांनी फरक कशाशी मोजणार? खोडव्याच्या रानात मातीचा नमुना खत टाकायच्या आत घ्यावा, मोकळ्या रानात एप्रिल-मेमध्ये. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, कडेची माती वरपासून खालपर्यंत एकसारखी काढा, एकत्र कालवून अर्धा किलो ठेवा आणि सावलीत वाळवा. झाडाखालची, बांधालगतची, शेणखताच्या ढिगाजवळची आणि पूर्वी पाचटाचे ढीग जाळलेल्या जागची माती त्यात नको. खताच्या रिकाम्या पोत्यात नमुना भरू नका. पिशवीत गट क्रमांक, मागचं पीक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी टाका. तपासणी कुठं होते ते तालुक्याच्या कृषी कार्यालयात, किंवा बारामती आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रांत विचारा. पत्रिका आली की सेंद्रिय कर्बाच्या रकान्यावर पेनानं गोल करा आणि ती सातबाऱ्याच्या फाईलीत ठेवा.