रविवारी अभ्यासिकेत मिंट टाकण्याआधी

गिरगावातल्या अभ्यासिकेचे जुने कॉम्प्युटर रविवारी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यायचे आहेत, तेव्हा तिची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) शुक्रवारी रात्रीच घरून उतरवून ठेवा. फाइल ३ जीबीच्या आसपास असते. ऐनवेळी कुणाच्या हॉटस्पॉटवर धडपडत उतरवायची नाही. ग्रुपवर आलेली लिंक वापरू नका, मी पाठवलेली असली तरी. गुगलवर सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरही बोट ठेवू नका. मिंटच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करा.

मिरर, म्हणजे त्याच फाइलची प्रत ठेवणारा सर्व्हर, मात्र कुठलाही घ्या, जवळचा असेल तर लवकर उतरेल. आपली खात्री मिररवर नसतेच. त्यासाठी आयएसओसोबत दोन छोट्या फाइली लागतात: हॅशची (फाइलवरून काढलेल्या, फाइल बदलली की बदलणाऱ्या ओळखखुणेची) यादी असलेली टेक्स्ट फाइल आणि त्या यादीची डिजिटल सही. बहुतेक जण ही दुसरी सोडून देतात आणि तीच खरी कामाची. सिलिंडरचं सील शाबूत आहे म्हणून तो आपल्याच एजन्सीतून आला असं होत नाही ना, तसंच हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच साइटमध्ये घुसून कुणीतरी डाउनलोडची लिंक बदलली आणि मागचं दार (बाहेरच्याला गुपचूप आत शिरायची वाट) असलेली आयएसओ लोकांच्या गळ्यात मारली. जो लिंक बदलू शकतो, त्याला त्याच पानावरचा हॅश बदलायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून आधी सही. ती तपासायला विंडोजवाल्यांना जीपीजीफॉरविन हा प्रोग्रॅम लागेल. त्याच्या इन्स्टॉलरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर बघून घ्या, तपासणाराही तपासलेला बरा. सही ज्या चावीने तपासायची, त्या मिंटच्या चावीचा ठसा (तिची ओळख पटवणारी अक्षरं) ४० अक्षरी असतो. तो घरच्या वायफायवर एकदा, फोनच्या डेटावर एकदा पाहा, आणि ज्यांच्याकडे मिंटची चावी आधीपासून आहे त्यांच्याकडूनही फोनवर वाचून घ्या. नुसती शेवटची आठ अक्षरं जुळवून भागत नाही. तेवढी जुळणारी खोटी चावी बनवता येते.

सही ठीक आहे असं सांगून लगेच खाली ‘ही चावी विश्वासू सहीने प्रमाणित नाही’ अशा अर्थाचा इशारा येतो. दरवेळी कुणीतरी त्याला घाबरतं. तुम्ही स्वतः त्या चावीची हमी दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ठसा जुळला असेल तर पुढे चला. सहीच चुकीची आली तर मात्र फाइल तशीच ठेवून मला फोन करा.

मग हॅश. तो काढायची कमांड विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश, मॅकवर शासम. आपल्याला एसएचए-२५६ प्रकारचा हॅश हवा, म्हणून मॅकवर २५६ हा आकडा सांगावा लागतो, नाहीतर ते जुन्या प्रकारचा एसएचए-१ काढून देतं. ६४ अक्षरं डोळ्यांनी जुळवत बसू नका. कॉपी करून यादीच्या फाइलमध्ये शोधा, सापडलं की जुळलं. लहान-मोठ्या लिपीचा फरक चालतो. सोबत टाकायच्या एखाद्या प्रोग्रॅमच्या पानावर फक्त एमडी५ (आणखी एक जुना हॅश) दिलं असेल, तर त्याने फाइल वाटेत तुटली का एवढंच कळेल. २००४ मध्येच एक एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवून दाखवल्या गेल्या. एसएचए-१ ची तीच गत २०१७ मध्ये झाली.

हॅश जुळला नाही तर बहुधा डाउनलोड अर्धवट झालंय. दुसऱ्या मिररवरून पुन्हा घ्या.

पेनड्राइव्ह लॅमिंग्टन रोडवरून घेणार असाल तर बिलासकट घ्या. त्यावर आयएसओ लिहायला एचर हा प्रोग्रॅम वापरा आणि लिहून झाल्यावर ते जी पडताळणी करतं, ती ‘स्किप’ करू नका.