खुनी जनावर आणि हलणारी शेपटी: भयपट काढणाऱ्यांनो, या चुका टाळा

माझं एडिटिंगचं टेबल कळव्यात आहे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पावसाळा संपला की कुणीतरी हार्ड डिस्क छातीशी धरून जिना चढतं. वय बावीस-तेवीस, डोळे तांबारलेले आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, हॉरर आहे. छोटं गाव आहे आणि एक जनावर माणसं मारतंय." बिबटे झाले, कोल्हे झाले, उंदीर, वटवाघळं, कावळे झाले. एकदा तर फ्लेमिंगो आले. जनावर दरवेळी नवं असतं, चुका मात्र जुन्याच. दरवेळी तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून आता लिहून ठेवतेय. हे वाचा आणि मग जिना चढा.

पहिल्याच मिनिटाला जनावर दाखवणं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार, कारण ती मी स्वतः केलेली आहे.

'जॉज'ची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. 1975 चा सिनेमा. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. 55 दिवसांचं शूटिंग 159 दिवसांवर गेलं. शेवटी दिग्दर्शक स्पीलबर्गने पाण्याचा पृष्ठभाग, तरंगणारी पिवळी पिंपं आणि संगीतकार जॉन विल्यम्सच्या दोन सुरांवर बराचसा सिनेमा निभावून नेला. शार्क धड दिसतो तो तासाभरानंतर. ही गोष्ट मला चहा पिता पिता रंगवून सांगतात आणि मग स्वतःचं फुटेज उघडतात, तर दुसऱ्याच शॉटला बिबट्या हजर! स्पीलबर्गकडे निदान बंद पडायला शार्क होता. आपल्याकडे मीटरवर घेतलेलं फरचं कापड आणि फेविकॉल.

आमच्या पहिल्या फिल्ममध्ये कोल्हे होते. नवी मुंबईच्या खारफुटीत खरोखरच कोल्हे आहेत, खाडीकाठच्या लोकांना ते अधूनमधून दिसतातही. कल्पना अशी की खाडीलगतच्या गावठाणात ते रात्री शिरतात. खरा कोल्हा आणण्याचा प्रश्नच नव्हता. मैत्रिणीच्या घरी, दिवाळे गावात, टिप्या नावाचा कुत्रा होता, रंगाने जवळपास कोल्ह्यासारखाच. पाठीवर फरचा तुकडा, पोटाखालून इलॅस्टिक, झाला कोल्हा. ही अक्कल काही आमचीच नव्हे. 1959 च्या 'द किलर श्रूज'मध्ये अमेरिकेतल्या लोकांनीही कुत्र्यांना असंच नटवून राक्षसी चिचुंद्र्या म्हणून उभं केलं होतं. ते लोकांना आवडलं की लोक हसले, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

टिप्याने अंगावर झेप घ्यावी म्हणून नटाच्या शर्टाच्या खिशात उकडलेली चिकन ठेवली. टिप्याने झेप घेतली, अगदी मनापासून. नट खाली पडला, किंकाळी उत्तम मारली, टिप्या छातीवर चढला, दात खिशाच्या दिशेने. आणि मागे शेपटी पंख्यासारखी फिरतेय! दुसरा टेक, शेपटी. पाचवा टेक, शेपटी. आठव्याला टिप्याने त्याचं तोंड चाटलं आणि मेलेला माणूस खुदकन हसला. रात्री तीनला दिग्दर्शक म्हणाला, दोऱ्याने शेपटी पायाला बांधू. तेवढ्यात मैत्रिणीची आई दारात आली. "त्याची शेपटी बांधणार? थांब, आधी तुझं तोंड बांधते." पॅकअप.

साडेतीन तासांच्या फुटेजमधून कामी आलं दीड सेकंद. फिल्म दाखवली तेव्हा लोक घाबरले ते भलत्याच शॉटला. रात्रीची गल्ली, दोरीवर वाळत घातलेला गाऊन, लांबवर गल्लीतली कुत्री भुंकताहेत. आणि ती कुत्री एकदम गप्प होतात, बस. तो शॉट कॅमेरामनने जेवणाच्या सुट्टीत सहज घेऊन ठेवला होता.

तेव्हापासून माझी एक खोड आहे. पहिला कट मी जनावराशिवाय लावते. जिथे जनावर यायचं तिथे काळी पट्टी टाकते आणि सिनेमाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी दाखवते, शक्यतो शेजारच्या काकूंना. ज्या काळ्या पट्टीला काकू "इथे काय आहे गं?" असं विचारत नाहीत, तिथला शॉट बाद. दिग्दर्शकाच्या तोंडाकडे तेव्हा मी बघत नाही.

आणि टिप्यासाठी आम्ही कुणाचीच परवानगी घेतली नव्हती, याचीही कबुली देते. सिनेमात जनावर वापरायचं तर 2001 च्या नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आधी परवानगी लागते. घरचा कुत्रा असला तरी, आणि चिकन त्याला कितीही आवडली तरी. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांना कामाला लावणं तर सरळ बंदच आहे. साप म्हणाल तर वन्यजीव कायदा आडवा येतो. "आमच्या ओळखीचा एक सर्पमित्र आहे" असं कुणी म्हणालं की मी लॅपटॉप मिटते.

हल्ली या सगळ्यावर उपाय म्हणून एआयने बनवलेला बिबट्या आणतात. पाच मिनिटांत तयार, फुकटात. एका शॉटमध्ये त्याच्या खांद्यावरचे ठिपके वेगळे, पुढच्यात वेगळे. जिना उतरताना पाय पायरीला टेकत नाहीत. पाच मिनिटांचं काम पाच मिनिटांचंच दिसतं. "पण ताई, लोकांना कळत नाही." लोकांना ठिपके कळत नसतील, पण घाबरायचं थांबलंय हे त्यांना बरोब्बर कळतं.

तिथी न बघता खाडीवर जाणं

ठाणे आणि नवी मुंबईच्या मध्ये खाडी आहे, मग प्रेत चिखलात सापडणारच. प्रत्येक फिल्ममध्ये सापडतं. आमचंही सापडलं.

सकाळी साडेदहाला पोहोचलो तर समोर चिखलच चिखल, हवा तसा, काळा, चकचकीत. सगळे खूश. मग चहा, मग मेकअप, मग कुणाची तरी बॅटरी घरी राहिली. पहिला शॉट लागला साडेबाराला. एकला ट्रायपॉडच्या पायाशी पाणी. दीडला प्रेत म्हणालं, "माझ्या कानात पाणी जातंय." आम्ही म्हटलं, हलू नकोस. दोनला प्रेत उठलं आणि शिव्या देत काठावर आलं. टाइमलाइनवर आजही तो प्रसंग बघा: इन्स्पेक्टर कोरड्या चिखलात गुडघे टेकतो, "ओळख पटली का?" असं विचारतो आणि उत्तर येईपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात असतो.

होडी रंगवत बसलेले एक कोळी काका सकाळपासून आमची गंमत बघत होते. मी गेले त्यांच्याकडे. म्हणाले, "पोरी, आज चतुर्थी. तीनला भरती. इचारायचं व्हतं."

हिशेब त्यांनीच शिकवला. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी, म्हणजे चार पाऊणे तीन: तीन वाजता, दुपारी आणि पहाटे. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे, आणि तेव्हा उधाणही मोठं. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित एकच. ओहोटी साधारण सहा तासांनी. खाडीत जितकं आत जाल तितका थोडा उशीर धरा. भरतीची ॲप आहेत, मला माहीत आहे. पण आमच्या घरी कालनिर्णय भिंतीवर असतं आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

फ्लेमिंगोच्या बाजूला जाणार असाल तर कॅमेरा काढण्याआधी परवानगी काढा. खाडीचा तो भाग 2015 पासून अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. ड्रोन घेऊन तर जाऊच नका. तो फ्लेमिंगोवाला मुलगा ड्रोनच घेऊन निघाला होता. त्याच्या गोष्टीत फ्लेमिंगो चोच खुपसून माणसं मारत. त्याला म्हटलं, हा पक्षी मान खाली घालून, चोच उलटी करून, चिखलपाणी गाळून खातो. हजारो पक्षी एकत्र, डोकी उलटी, न थांबता काहीतरी गाळताहेत. नुसतं लांबून बघ, तुझ्या सुऱ्यासारख्या चोचीपेक्षा अंगावर येईल. तो परत आला नाही.

बिबट्याला सिंहाचा आवाज

हे ऐकलं की माझं डोकं उठतं. इंटरनेटवरून 'रोअर' नावाची फाइल उतरवायची आणि ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या बिबट्याच्या तोंडात घालायची. तो आवाज सिंहाचा असतो. बिबट्याचा आवाज लाकडावर करवत चालवल्यासारखा: खर्र-खर्र, खर्र-खर्र, पुढे-मागे, दम लागल्यासारखा. येऊरच्या पायथ्याला वाढलेला माणूस प्रेक्षकात बसला असेल तर तुमची फिल्म तिथेच संपली.

आणि मुळात इतकी डरकाळी कशाला? शिकार करणारं जनावर बोंब ठोकत येत नाही. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मध्ये (1963) नेहमीचं पार्श्वसंगीत नाही. पाखरांचे कितीतरी आवाज ट्राउटोनियम नावाच्या विद्युतवाद्यावर तयार केलेले आहेत, आणि काही ठिकाणी तर मुद्दाम शांतता ठेवली आहे. आपली पोरं तिथे ढोल टाकतात.

माझी सवय सांगते. लोकेशनवर पॅकअपनंतर दहा मिनिटं सगळ्यांना गप्प बसवून मी नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करते. रातकिडे, पंप, लांबची लोकल. मग एडिटमध्ये जनावर जवळ आलं की रातकिडे काढून घेते. एवढंच. करवतीसाठी आमच्या खालच्या सुताराकडून एक फळी आणि बोथट करवत आणली होती. ती अजून परत केलेली नाही. येऊरला शनिवारी रात्री मात्र आवाज घ्यायला जाऊ नका. बंगल्यांवरच्या पार्ट्यांचं गाणं तुमच्या जंगलात येतं आणि कुठल्याही फिल्टरने निघत नाही.

गावच नसणं

स्क्रिप्टमध्ये 'छोटं गाव' लिहिलेलं असतं आणि पडद्यावर चार मित्र आणि एक टॉर्च. हल्ला गावावर आहे ना? मग दूधवाला कुठाय? पहाटे पेपर टाकणारा कोण? त्या जनावरामुळे कुणाचा धंदा बुडतो, कुणाचा वाढतो?

2019 च्या फेब्रुवारीत ठाण्यात कोरम मॉलच्या पार्किंगमध्ये बिबट्या शिरला होता. सीसीटीव्हीत दिसला, मग जवळच्याच एका हॉटेलच्या तळघरात सापडला आणि वन विभागाने त्याला बेशुद्ध करून नेलं. कुणाला ओरखडा नाही, तरी ठाण्यातल्या प्रत्येक घरात दिवसभर तीच चर्चा. का? तर ते पार्किंग आपलं होतं, आपण तिथे स्कूटर लावतो. तुमच्या फिल्मला लाखभराचा पुतळा नको, ओळखीचं पार्किंग हवं.

'जॉज'मध्ये समुद्रकिनारा बंद करू नका म्हणणारा महापौर आहे. त्याचा जसाच्या तसा 'सरपंच' करून टाकतात, फेटा बांधून. अहो, आपल्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी आहे! एका मुलाने हे बरोबर पकडलं होतं. दोन माणसं गेलेली आहेत आणि लिफ्टशेजारी नोटीस लागते: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, रात्री 10 नंतर कचरा खाली नेऊ नये. आदेशावरून." बिबट्याचा उल्लेख नाही, कारण फ्लॅटचे भाव पडतील. कॅमेरा त्या नोटिशीवर चार सेकंद थांबतो. माझ्या टाइमलाइनवर आलेल्या सगळ्या बिबट्यांपेक्षा ती नोटीस भीतीदायक होती. त्या मुलाने बिबट्या दाखवलाच नाही, त्याच्याकडे पैसेच नव्हते.

आणखी काही, घाईघाईत

जनावर का पिसाळलं? कंपनीचं केमिकल. ठाणे-बेलापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे सुचणं साहजिक आहे, पण त्यासाठी पाच मिनिटं चष्मेवाला शास्त्रज्ञ नको. एका वाक्यात उरका, नाहीतर सांगूच नका.

साखरेच्या पाकाचं रक्त करू नका. मुंग्या येतात. प्रेतावर रांग लागली होती आणि प्रेताला ॲलर्जी होती. कॉर्नफ्लोअर शिजवून त्यात लाल रंग, चिमूटभर कोको आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घाला. डागही सुटतात. तोंडात मात्र जाऊ देऊ नका.

मोबाइलवर शूट करताना शटर ऑटोवर ठेवू नका. आपली वीज 50 हर्ट्झची, तेव्हा ट्यूबलाइटखाली शटर 1/50 किंवा 1/100, नाहीतर सगळा जिना लपलप करतो. मग मला विचारतात, "काढता येईल का ताई?" येत नाही.

मुद्दाम वाईट करू नका. "वाईट म्हणूनच लोक बघतात" हे मी फार ऐकते. 1972 च्या 'नाइट ऑफ द लेपस'मध्ये छोट्या सेटवर साधे ससे स्लो मोशनमध्ये पळवून राक्षसी ससे केले होते, आणि लोक आजही हसतात. पण करणाऱ्यांनी ते गंभीरपणे केलं होतं. डोळा मारत केलेली फिल्म दहाव्या मिनिटाला कंटाळा आणते.

रात्रपाळीला वडापाववर युनिट ठेवू नका. दोन वाजता सगळ्यांना जळजळ सुरू होते आणि अडीचला साउंडवाला घरी जायचं म्हणतो. शेवटची लोकल तोवर गेलेली असते, म्हणजे रिक्षाचे पैसेही तुमचेच. आमच्याकडे मैत्रिणीच्या आईने दुसऱ्या रात्री मोठं पातेलं भरून भात आणि सुकटीचं कालवण केलं, शेपटी न बांधण्याच्या अटीवर. त्या रात्री सोळा शॉट झाले. टिप्यालाही भात मिळाला.