पांढरा साका

पर्यावरणशास्त्रात एमएस्सीला ॲडमिशन घेतली तेव्हा मानेवाड्याच्या आत्याने विचारलं, "म्हणजे झाडं लावते काय वं तू?" आता नवी पोरं कामाला येतात, त्यांचीही समजूत आत्यापेक्षा फार वेगळी नसते.

मी पहिल्यांदा शिकले ते नागपुरात पारडीच्या पुलाखाली, नाग नदीवर. ऑक्सिजन तपासायची बाटली बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरायची, तिथंच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालून बूच लावायचं, हलवायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. माझ्या बाटलीत पांढरा बसला. रसायन बिघडलं म्हणून दुसरी भरली. तीही पांढरीच. लाव्याच्या टेकड्यांतून निघालेली नदी शहराचं सांडपाणी पोटात घेत इथवर येते, हे वाचून माहीत होतं. पण मासा इथे एक श्वासही घेऊ शकणार नाही, हे त्या बाटलीने दाखवलं.

नोकरीचं म्हणाल तर 'नीरी' ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था 1958 पासून नागपुरातच आहे, पण सगळ्यांना तिथं जागा कुठून मिळणार? बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यांतही काम असतं. ते मला आधी फितुरी वाटायचं. रात्रपाळीतही ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, बंद पडू न देणारा केमिस्ट भेटला आणि मत बदललं.

बाकी बरंचसं काम कागदांचं. झाडतोडीची नोटीस लागली की हरकतीला सात दिवस. माझी पहिली हरकत आठव्या दिवशी पोचली. चार पानं, त्यात कविता पण होती! साहेबांनी फक्त तारीख पाहिली. पुढच्या वेळी टेप घेऊन गेले, छातीच्या उंचीवर एकेका खोडाचा घेर मोजला. यादीत 'बकाण' लिहिलेली तीन झाडं कडुलिंबाची निघाली. बकाणाच्या पानाला पुन्हा फाटे फुटतात, कडुलिंबाच्या नाही. एवढं ओळखता यायला हवं. शिवाय 2021 पासून पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरतात, आणि वयाचा अंदाज घेरावरूनच येतो, म्हणून घेराचा आकडा लाखमोलाचा. ही हरकत एका पानाची होती. सुनावणीला बोलावलं.

तेव्हा झाडावर नोटीस दिसली, की चिडायच्या आधी तिचा फोटो काढा. खालची तारीख नीट दिसली पाहिजे.